न किडलेली दाढ

मी एक दाढ बोलतेय. खालची, डावीकडची. किडलेली नाही, हललेली नाही, कुठे चीरसुद्धा नाही. तरी आज तोंडाबाहेर आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तो संन्यासी म्हणजे मी!

माझी मालकीण शिवणकाम करते. बाई हाताची गुणी, पण दातांना सुट्टी म्हणून नाही. दोरा तोडायचा तो दाताने, टाचण्या धरायच्या त्याही दातांत. ती शाळकरी असताना मी उगवले आणि पुढ्यात आलं ते निमूट दळत राहिले.

मग तिच्या डाव्या गालात कळा यायला लागल्या. जांभई दिली की कानापाशी कट् वाजायचं. त्या आवाजाकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. बाईनं बोट ठेवलं ते थेट माझ्यावर! दातांच्या डॉक्टरांनी फोटो काढला. "दाढ चांगली आहे. थोडं थांबून बघू," ते म्हणाले. पण सोबत बाईची मोठी नणंद होती.

"थांबायचं कशाला? काढून टाका, कटकट मिटेल! दुकान बंद ठेवून किती खेपा घालायच्या हिनं?"

बाईनं मान डोलावली. आणि एवढे शिकलेले डॉक्टर, त्यांनीही वन्संपुढे नांगी टाकली. मला पकडीत धरून उपटलं. बाईनं मला धुतलं आणि आपल्या बटणांच्या डबीत ठेवलं.

दुखणं होतं तिथेच राहिलं. मग वन्संनी नवा निकाल दिला, शेजारची दाढ असणार! तिला काढायची वेळही ठरली. हा न्याय म्हणायचा की थट्टा? माझ्या शेजारणीनं कुणाचं काय घोडं मारलं होतं?

तिचं नशीब बलवत्तर. आदल्याच दिवशी मान आखडली म्हणून बाई फिजिओथेरपिस्ट ताईंकडे गेली. वन्सं सोबत होत्याच. शिवणाच्या पिशवीत डबी, डबीत मी. मान तपासता तपासता ताईंनी तोंड उघडायला सांगितलं. जबडा सरळ उघडायचा सोडून डावीकडे वळला आणि कट् वाजलं. ताईंनी गालाचा स्नायू दाबला तशी बाई कळवळली.

"हीच! हीच ती दाढ!"

"कुठली?"

"काढलेली."

"मग ती आता कुठे आहे?"

बाईनं पिशवीकडे बोट केलं आणि स्वतःच ओशाळली.

"सुई आहे पिशवीत? ओवा बरं," ताई म्हणाल्या आणि त्यांनी बाईच्या दोन्ही गालांवर बोटं ठेवली. बाईनं डोळे बारीक केले, दोरा नेढ्याशी नेला, आणि ताईंच्या बोटांखाली स्नायू टरारून वर आला.

"आता दात कुठे आहेत तुमचे?"

"एकमेकांवर... आवळलेत की!"

"दिवसभर असेच आवळता. दुखतो तो हा स्नायू आणि कानापुढचा सांधा. कळ दाढेत आल्यासारखी वाटते, एवढंच."

"म्हणजे ती उगाच गेली?"

"हो," ताई म्हणाल्या. त्यांनी आडपडदा ठेवला नाही.

वन्सं मध्येच म्हणाल्या, "पण उद्याची वेळ घेतलीये. काढूनच टाकू, शंका नको."

"वन्सं, माझ्या तोंडातली दाढ आहे. मी नाही काढणार."

इतक्या वर्षांत बाईचा असा आवाज मी ऐकला नव्हता.

मग उपचार सुरू झाले. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला. गालाला शेक आणि मालिश, मऊ जेवण, हळूहळू तोंड उघडायचा व्यायाम, आणि दोऱ्याला कात्री. कळा ओसरत गेल्या. कट् अजून कधीमधी वाजतं, पण दुखत नाही. ताई म्हणतात, वाजू दे.

वाजू दे? खऱ्या गुन्हेगारांना शेक आणि मालिश, आणि मला पकड? माझ्या अंगाचा तिळपापड होतो!

लोकहो, दुखतं तिथेच दोष असतो असं धरून चालू नका. आधी तपासून घ्या, थोडा धीर धरा. उपटायला काय, केव्हाही उपटता येतं. पुन्हा रुजवणार कोण?

वन्सं आता गावभर सांगतात, "मीच नेलं हिला फिजिओकडे!" शेजारीण जागेवर आहे. बाई पोटभर जेवते, तोंड उघडून हसते. घास मात्र उजवीकडे चावते. डावीकडे माझी जागा रिकामी आहे.