कमलाबाईंच्या गच्चीवरचा कूलर

मी एक जुना कूलर आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मला गप्प राहता येत नाही. बटण दाबलं की माझी घरघर सुरू होते आणि माझ्यासमोर बसलेल्यांना मोठ्यानं बोलावं लागतं. त्यामुळे या घरातलं बहुतेक बोलणं माझ्या कानावर पडलेलं आहे.

माझा जन्म पश्चिम दिल्लीतल्या रस्त्याकडेच्या एका शेडमध्ये झाला. तिथे पत्रा ठोकून मला चौकोनी केलं, पोटात पंखा बसवला, तळाशी पाण्याची टाकी आणि तिन्ही बाजूंना वाळ्याच्या ताट्या लावल्या. एका रणरणत्या दुपारी दादारावांनी मला विकत घेतलं आणि सायकल रिक्षावर बांधून विकासपुरीतल्या आपल्या नव्या फ्लॅटमध्ये आणलं. दादाराव केंद्र सरकारच्या नोकरीत होते. त्यांच्या पत्नी कमलाबाई माहेरच्या नागपूरच्या, आणि नागपूरच्या माणसाला कूलरबद्दल कोणी काही शिकवायचं नसतं. त्यांनी माझ्या ताट्या हुंगून बघितल्या, "वाळा चांगला आहे" म्हणाल्या आणि मी या घरातला झालो.

कित्येक उन्हाळे सगळं घर माझ्यासमोर ओळीनं गाद्या टाकून झोपलं. पाहुणे आले की त्यांना मानाची जागा म्हणजे माझ्यासमोरची. तेव्हा माझा काय रुबाब होता म्हणून सांगू!

मग दिवस पालटले. टीव्हीवर ढीगभर चॅनेल आले, पलीकडे शेतं होती तिथे इमारती उठल्या. दादारावांचा मुलगा संघपाल गुडगावच्या एका मोटारींच्या कारखान्यात लागला आणि पहिल्याच वर्षी त्यानं एसी आणला. एसी आवाज करत नाही, याचं सगळ्यांना कोण कौतुक! मला उचलून गच्चीवर टाकलं. माझ्या टाकीत कबुतरांनी संसार थाटला. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

गच्चीवर एक खोली होती. दिल्लीत तिला बरसाती म्हणतात. एके दिवशी तिथे थांग आणि त्याची बायको सियांग राहायला आले. ही दोघं ब्रह्मदेशच्या डोंगरातली, चिन नावाच्या जमातीची. तिथल्या सैनिकांनी थांगला ओझी वाहायला धरून नेलं होतं. तो निसटला आणि बायकोला घेऊन मिझोराममार्गे दिल्लीला पोचला. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितांसाठीच्या कार्यालयानं त्यांची हकिगत ऐकली आणि त्यांना दाखला दिला. यांना परत पाठवलं तर यांच्या जिवाला धोका आहे, असा त्याचा अर्थ. पण दाखल्याबरोबर खोली मिळत नाही, मित्रांनो. ती कोणीतरी द्यावी लागते, आणि सगळी कॉलनी त्यांना नाही म्हणून मोकळी झाली होती.

दादारावही कचरत होते. सरकारी नोकरी आणि परदेशी भाडेकरू, उगाच डोक्याला ताप. पण कमलाबाईंनी निकाल लावला.

"अहो, ब्रह्मदेशचे आहेत. म्हणजे बौद्धच की. आपलीच माणसं."

सियांगला तेव्हा हिंदी येतच नव्हती. कमलाबाई जे विचारतील त्याला ती मान हलवून "जी" म्हणायची. खोली मिळाली. दादारावांनी ठाण्यात रीतसर कळवलं आणि कमलाबाईंनी कॉलनीभर सांगितलं की आमचे भाडेकरू आमच्याच धर्माचे आहेत.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत सियांगला मुलगी झाली. तिच्या अंगावर घामोळं बघून कमलाबाईंना माझी आठवण आली. कबुतरांची पिल्लं एव्हाना उडून गेली होती. थांगनं माझा गंज खरवडला, रंग दिला, नव्या ताट्या बसवल्या आणि मला बरसातीच्या खिडकीत उभं केलं. बाळ माझ्या घरघरीत गाढ झोपलं. मला पुन्हा नोकरी लागली होती.

दर रविवारी ती दोघं चापूनचोपून कपडे करून बाहेर पडत. कमलाबाई कौतुकानं सांगत, "विहारात जातात." मला मात्र ठाऊक होतं. ती दोघं हलक्या आवाजात गाणी म्हणायची आणि त्यांत येशूचं नाव यायचं. बाहेर कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून मी आणखी जोरात घरघरायचो. सियांग हळूहळू हिंदी शिकली, आणि माझ्यासमोर उभी राहून एकच वाक्य घोकायची की आंटी, आम्ही बौद्ध नाही. पण खाली जाऊन ते बोलायचा धीर तिला होत नव्हता. खोली गेली तर तान्ह्या लेकराला घेऊन जायचं कुठे?

मग बुद्धपौर्णिमा आली. संध्याकाळी गच्चीवर चार मराठी कुटुंबं जमली. सगळ्यांची पांढरी वस्त्रं, मोठ्या पातेल्यात खीर. वंदना झाली आणि कमलाबाईंनी मोठ्या हौसेनं सियांगला पुढे केलं. तुमच्या देशात वंदना कशी म्हणतात, म्हणून दाखव म्हणाल्या.

सियांग उभी राहिली.

"आंटी, हम बौद्ध नहीं हैं. हम ईसाई हैं. उधर फौजवाले बोलते थे, धर्म बदलो. इधर हमको डर लगा, सच बोलेंगे तो कमरा जाएगा."

कोणीतरी पुटपुटलं की ही तर फसवणूक झाली. दादाराव चप्पल शोधू लागले, जणू आत्ताच ठाण्यात जायचं होतं. माझ्या पोटातलं पाणी हललं.

कमलाबाई दादारावांच्या वाटेत उभ्या राहिल्या.

"फसवलं कुठे?" त्या म्हणाल्या. "मी विचारलं होतं का? माझं मीच ठरवलं. आम्ही दिल्लीत नवे आलो तेव्हा घरमालक आधी आडनाव विचारायचे आणि मग खोली गेली म्हणायचे. ते दुःख मी इतकी वर्षं उराशी धरलं. आणि खोली द्यायची वेळ आली तेव्हा मीही माणूस नाही बघितला, धर्मच बघितला."

त्यांनी सियांगच्या हातातून बाळ घेतलं.

"कमरा तुम्हारा है. अब अपनावाला गाना सुनाओ. बिना गाए खीर नहीं मिलेगी. आणि अहो, आधी तो कूलर बंद करा, काही ऐकू येत नाही."

दादारावांनी चप्पल शोधायचं सोडलं आणि माझं बटण बंद केलं. गप्प राहायला मला आवडत नाही, पण त्या संध्याकाळी आवडलं. सियांग आणि थांग गायले, थोडे बेसूर, पण मोकळ्या गळ्यानं. मग सगळ्यांनी खीर खाल्ली आणि थांगनं तीनदा मागून घेतली.

आता माझे दिवस भरत आलेत. तुमच्या घरी कूलर असेल तर त्याच्या ताट्या वेळेवर बदला, टाकीत पाणी साचू देऊ नका आणि त्याच्या आवाजावर चिडू नका. आणखी एक मागणं आहे, पण ते कमलाबाईंच्या तोंडून ऐकलेलं बरं. पुढे चिन लोकांची आणखी कुटुंबं खोली शोधत आली. कमलाबाई त्यांना घेऊन स्वतः दारोदार गेल्या. भर दुपारी आमच्या समोरच्या घरमालकानं फाटकातूनच विचारलं, हे लोक कोण, कुठल्या धर्माचे. कमलाबाईंनी त्याला उत्तर दिलं ते मला गच्चीवर स्पष्ट ऐकू आलं.

"बाहर धूप है, भाईसाहब. पहले अंदर तो आने दो."