राधाकिसनची साक्ष

परतूरला स्टेशनाच्या पलीकडे नवं कॉलेज निघालं, तेव्हा राधाकिसन तिथल्या रसायनशाळेत गडी म्हणून लागला. बाटल्यांवरची लेबलं इंग्रजीत असायची आणि त्याला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. तो बाटल्या वजनावर ओळखायचा. उचलली की सांगायचा, "हे कडक तेजाब. हे पानी मारलेलं." चार वर्षांत त्याचा अंदाज एकदाही चुकला नव्हता, हे भालचंद्रला माहीत होतं. भालचंद्र तिथे मुलांना प्रयोग शिकवायचा. वय सव्वीस, घर जालन्याचं, चुलते वकील, नोकरी अजून कच्ची.

अठ्ठावन्न सालच्या भाद्रपदातली गोष्ट. विभागप्रमुख केशवरावांनी आदल्या दिवशी घाईघाईत स्वतःच बाटल्या भरून ठेवल्या होत्या. सकाळी टेबलावर बाटल्या मांडताना राधाकिसन थांबला.

"साहेब, ही बाटली जड लागून राह्यली. पानी मारायचं राहून गेलं जनू."

"लेबल बघ की तिच्यावरचं," केशवराव म्हणाले, मग त्यांना आठवलं. "तुला काय कळतं त्यातलं? ठेव जल्दी, मुलं आली."

त्याने ठेवली.

त्या मुलांतला पुंजाराम मंठ्याकडच्या एका खेड्यातला, मेंढपाळाच्या घरचा. त्यांच्या घरातच नव्हे, साऱ्या वाडीत कॉलेजात गेलेला तो पहिला. त्याने नळीतल्या गरम द्रावणात त्या बाटलीतलं तेजाब ओतलं आणि नळी तोंडावर उसळली. राधाकिसनने त्याला दोन्ही हातांनी धरून बादलीत डोकं घातलं, पुन्हा पुन्हा घातलं. त्याच्या स्वतःच्या मनगटांची साल गेली. दुपारच्या गाडीने पुंजारामला जालन्याला दवाखान्यात नेलं. डावा डोळा गेला. उजव्याला उजेड आणि सावली एवढंच कळायचं.

तिसऱ्या दिवशी कॉलेजच्या फळ्यावर हुकूम लागला. पुंजारामने परवानगी न घेता कपाटातली कडक तेजाबाची बाटली काढली, म्हणून त्याला दोन वर्षांसाठी काढून टाकण्यात येत आहे.

त्याच दुपारी राधाकिसन भालचंद्रच्या दारात आला. आत ये म्हटलं तरी आला नाही, उंबऱ्यापाशीच बसला.

"सर, कपाटातली बाटली न्हाई ती. टेबलावरचीच हाय. पोराला दवाखान्यात नेलं आन् केशवराव सायबानं मला खळ कालवायला लावली. त्या बाटलीवर कपाटातल्या बाटल्यांसारखं नवं लेबल माझ्या हातानं चिकटवून घेतलं. म्या चिकटवलं." तो हाताकडे बघत होता. पट्ट्या बांधलेल्या होत्या. "दोन दिवस जेवलो न्हाई मी."

भालचंद्र म्हणाला, "विद्यापीठाला लिहावं लागेल. कॉलेजात बोलून उपयोग नाही."

"लिहा. पन माझं नाव नगा घालू सर. घरी आसराबाई हाय, दोन लेकरं हायत."

"नाव नाही घातलं तर कोण खरं मानेल? मी काही लेबल बदलताना पाहिलं नाही. पत्रावर 'गोपनीय' लिहीन. विद्यापीठातल्या मोठ्या साहेबांशिवाय कुणाला कळणार नाही."

"बराबर?"

"बराबर. माझा शब्द आहे."

राधाकिसन उठला. "मंग लिहा," म्हणाला.

भालचंद्रने पत्र लिहिलं, वर लाल शाईने 'गोपनीय' लिहिलं, आणि स्वतः जाऊन रजिस्टर केलं.

अकरा दिवसांनी प्राचार्यांनी त्याला बोलावलं. केशवराव तिथे बसलेच होते. टेबलावर भालचंद्रचं पत्र होतं, त्याच्याच अक्षरातलं. लाल शाई तशीच होती. तिच्याखाली निळ्या पेन्सिलीने कुणीतरी लिहिलं होतं: 'प्राचार्यांकडे अभिप्रायासाठी.'

"तुम्ही आम्हाला विचारायचं तरी," प्राचार्य शांतपणे म्हणाले. "आणि साक्षीला कोण, तर गडी."

भालचंद्रला आधी राधाकिसनकडे जायला हवं होतं. तो गेला नाही. तो त्याच संध्याकाळच्या गाडीने जालन्याला चुलत्यांकडे गेला. चुलत्यांची कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांशी जुनी ओळख होती. ते जाऊन आले, म्हणाले, "नोकरी राहील. परस्पर पत्र पाठवलं ही चूक झाली, एवढं लिहून दे. मजकूर खोटा होता असं कुणी म्हणायला लावत नाही." भालचंद्रने लिहून दिलं. सही करताना त्याला वाटलं, यात खोटं तर काहीच नाही. आणि तरी त्या रात्रीचं जेवण त्याला गेलं नाही.

विद्यापीठातून दोघं जण चौकशीला आले. चौकशी प्राचार्यांच्या खोलीत झाली. राधाकिसन उभा होता. समोर केशवराव बसले होते. भालचंद्रला कोपऱ्यात खुर्ची दिली होती.

"लेबल कोणी चिकटवलं?" पाहुण्यांपैकी वयस्क होते त्यांनी विचारलं.

"म्या."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

राधाकिसनने केशवरावांकडे पाहिलं. केशवराव खिडकीबाहेर बघत होते. राधाकिसनने भालचंद्रकडे पाहिलं. भालचंद्रने मान खाली घातली.

"केशवराव सायबाच्या."

"तुला इंग्रजी येतं?"

"न्हाई."

"मग टेबलावरच्या बाटलीत कडक तेजाब होतं हे तुला कसं कळलं?"

"वजनावरून."

दुसरे पाहुणे हसले. प्राचार्यही हसले.

"हसू नगा साहेब. आना बाटल्या."

कुणाला काय वाटलं कुणास ठाऊक, वयस्क पाहुण्यांनी खरंच बाटल्या मागवल्या. एकसारख्या सहा. त्यांनी स्वतः लेबलं कागदाने झाकली. राधाकिसनने डोळे मिटले. मनगटावरचे डाग अजून लाल होते. एकेक बाटली उचलून, जराशी हलवून तो सांगत गेला. "पानी. पातळ तेजाब. कडक. हे बी कडक, पन हे मिठाचं तेजाब. पानी. ही अर्धीच हाय, पातळ." कागद काढले. सहाही बरोबर निघाल्या.

केशवरावांनी रुमालाने कपाळ टिपलं. वयस्क पाहुण्यांनी टाक उचलला, कागदावर टेकवला आणि काही न लिहिता पुन्हा दौतीत ठेवला.

"ठीक आहे. जा तू," ते म्हणाले.

महिन्याभराने निकाल आला. घटना हा अपघात होता, कुणाचा दोष सिद्ध होत नाही. विद्यार्थ्याची शिक्षा रद्द. मात्र पुराव्यात फेरफार केल्याचं गड्याने स्वतः कबूल केलं असल्याने त्याला कामावरून कमी करावं. केशवरावांचं नाव निकालात कुठेच नव्हतं. भालचंद्रचंही नव्हतं.

भालचंद्र राधाकिसनच्या घरी गेला, तेव्हा आसराबाई भांडी पोत्यात भरत होती. सगळे तिच्या भावाच्या गावी टेंभुर्णीला निघाले होते. राधाकिसन गाडी बघायला गेला होता.

"मी अध्यक्षांना भेटतो," भालचंद्र म्हणाला. "काहीतरी करतो."

आसराबाईने हातातलं पातेलं खाली ठेवलं. "सर, आमचे हे घरी येऊन म्हनले, सरांनी शब्द दिला, आता भेव न्हाई. बिलकुल निवांत झोपले त्या दिवशी." तिचा आवाज चढला नव्हता. "तुमची नोकरी हाय नव्हं?"

"आहे."

"असू द्या," ती म्हणाली, आणि पुन्हा भांडी भरू लागली. तो राधाकिसनची वाट बघत बाहेर उभा राहिला. मग राधाकिसन यायच्या आतच निघून आला. पुढे दोघांची भेट झाली नाही.

शिक्षा रद्द झाल्याचा कागद पुंजारामला टपालाने पाठवायचा होता. भालचंद्र म्हणाला, मी नेऊन देतो. मंठ्यापर्यंत मोटारीने आणि पुढे दोन कोस चालत तो वाडीवर पोचला. पुंजाराम दारात उन्हाला बसून चातीवर लोकर कातत होता. त्याची आई सगुणाबाई पाणी घेऊन आली. भालचंद्रने इंग्रजी कागद मराठीत सांगितला.

पुंजारामची चाती थांबली. "म्हंजे म्या चोरली न्हाई, असं लिहिलंय?"

"शिक्षा रद्द, असं लिहिलंय."

"राधाकिसनमामाचं नाव हाय त्यात? त्याच्यापायी झालं म्हनतेत."

"नाही."

"मंग तो काय बोलला, ते कुठं लिहिलंय?"

"कुठंच नाही," भालचंद्र म्हणाला.

पुंजाराम थोडा वेळ तोंड वर करून, उजेडाकडे वळून बसला. मग म्हणाला, "तुमी लिहून द्या सर. मला वाचता येनार न्हाई. पन घरात कागद ऱ्हाईल."

"त्याचा काय उपेग बाबा आता?" सगुणाबाई म्हणाली. तरी तिने आतून पाट आणून ठेवला.

भालचंद्रने लेखणी काढली. त्याने बाटलीपासून सुरुवात केली. लेबल, खळ, सहा बाटल्या, सगळं लिहिलं. 'त्याचं नाव मी पत्रात घातलं. कुणाला कळणार नाही असं मी त्याला सांगितलं होतं,' इथवर येऊन त्याचा हात थांबला. पुंजाराम कान देऊन होता. लेखणीचा आवाज थांबला तसं त्याने विचारलं, "झालं का सर?"

"नाही," भालचंद्र म्हणाला. "अजून आहे."

त्याचं लिहून झालं तेव्हा ऊन दारातून सरकलं होतं आणि मंठ्याहून सुटणारी शेवटची मोटार निघून गेली होती.