तेरुएलवर कॉफीची किटली

स्पेनमधला कुएंका ते तेरुएल हा डोंगरातला रस्ता बासिलियोने गेली सात वर्षं दर वसंतात न चुकता पार केला होता, आणि दर वेळी जेवणाच्या टेबलावरच. नकाशा तोच, मंडळीही तीच: बासिलियो, त्याची बायको विसी, धाकटा भाऊ सातुरियो आणि त्याची बायको ओब्दुलिया. रविवारचं जेवण आटोपलं की ताटं बाजूला सरकायची, नकाशा उलगडायचा आणि चौघं घाट चढायला लागायची. गाडी बिचारी खाली दारात धूळ खात उभी असायची.

विसीला घाटाशी काही देणंघेणं नव्हतं. तिला तेरुएलला जायचं होतं, कारण तिथे तिची थोरली बहीण एलाडिया एकटी राहत होती आणि तिची नजर जात चालली होती. आधी वाचता येईना, मग माणसांचे चेहरे दिसेनात. समोर पाहिलं की मधोमध काळं भोक, आणि कडेकडेने दिसेल तेवढंच खरं. त्या सकाळीच तिचा फोन आला होता. रडणं तिच्या स्वभावात नव्हतं. "विसी, आता कडाही पुसट व्हायला लागल्यात," ती म्हणाली. "तुमची सहल ठरली की कळव, बाई. तोवर दिसत असलं तर तुला बघेन."

हे विसीने जेवताना सांगितलं. सगळ्यांना अगदी मनापासून वाईट वाटलं. ओब्दुलियाने डोळे टिपले, सातुरियोने सगळ्यांच्या पेल्यांत वाईन ओतली, आणि बासिलियोने टेबलावर थाप मारून जाहीर केलं की चालढकल पुरे, आज कायमचं ठरवून टाकायचं. विसीला क्षणभर ते खरंच वाटलं. एवढा संसार करूनही तिला अधूनमधून असं वाटायचं.

सरळ रस्ता नव्हता असं नाही. कान्येते गावावरून माणूस दोन-अडीच तासांत तेरुएलला पोचतो. मालट्रकवाले रोज पोचतात. पण त्या रस्त्याचं नाव काढलं की वाईनमध्ये कुणी पाणी घातल्यासारखा बासिलियोचा चेहरा व्हायचा. तो रस्ता मालासाठी आहे, माणसांसाठी नाही, असं त्याचं ठाम मत होतं. एकदा विसी बसने जाते म्हणाली, तर दारात गाडी असताना बायको बसने गेली हे लोकांना कसं सांगायचं या काळजीने तो दोन दिवस नीट जेवला नव्हता. नीट म्हणजे, गोड खाल्लं नव्हतं.

तेव्हा घाटच. बासिलियोने ऑलिव्हची एक बी नकाशावर उन्याच्या तळ्याकाठी ठेवली, दुसरी त्रागासेतेला, तिसरी ताहो नदीच्या उगमावर, चौथी अल्बारासीनच्या तटाखाली. इथवर एकमत होतं. पुढे प्रश्न आला जेवणाचा, आणि जेवणाचा प्रश्न आला की ही माणसं कशी गंभीर होतात ते बघण्यासारखं असतं. त्रागासेतेला जेवायचं तर ट्राउट मासा, अल्बारासीनला तर कोकरू. जेवण म्हटलं की तीन वाजणार, जेवणानंतर लगेच उठणं म्हणजे यजमानाचा अपमान, आणि उठल्यावर झोप न काढता घाटात गाडी घालणं म्हणजे आत्महत्या. म्हणजे मुक्काम आला. शनिवारी मुक्काम केला तर रविवारचं घरचं जेवण बुडणार, ते तर शक्यच नव्हतं. सोमवारी निघावं तर सोमवारी खानावळी बंद. मंगळवारी सातुरियोचे पत्ते. अशा रीतीने आठवडाच संपला.

विसी उठली आणि तिने कॉफी करून आणली. टेबलावर तिला जागा सापडेना, म्हणून तिने गरम किटली नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात टेकवली. ती नेमकी तेरुएलवर बसली. कुणाला काही अडलं नाही. दुसरी कॉफी झाली, नंतर जवसाच्या रंगाची घरची दारू निघाली, सातुरियो ट्राउटच्या काट्यांबद्दल तळमळीने बोलत राहिला, आणि तेरुएल हवंय असं म्हणून कुणी ती किटली उचलली नाही. विसी तिच्याकडे बघत उभी होती. तिला आधी हसू आलं आणि मग सणकून राग आला.

लग्नाआधी ती वडिलांच्या बेकरीची पावाची गाडी गावोगाव फिरवत असे. लग्नानंतर स्टिअरिंग बासिलियोचं झालं. परवाना मात्र ती दर वेळी नवा करून घेई, कशासाठी ते न सांगता. मागच्या वर्षी त्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा औषधाच्या दुकानापर्यंत तिने गाडी चालवली होती. तेवढ्या वेळात त्याने तीन वेळा देवाचं नाव घेतलं होतं आणि दाराची मूठ सोडली नव्हती.

तिने पर्स घेतली, दाराजवळच्या ताटलीतली किल्ली उचलली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मी एलाडियाकडे जाते."

"अगं हो," बासिलियो मान वर न करता म्हणाला, "तेच तर ठरवतोय."

वाटेत तिने काहीही पाहिलं नाही. पहिल्याच चढावर गाडी बंद पडली, मागच्या मालट्रकने भोंगा वाजवला, आणि तिने बेकरीवाल्याच्या मुलीला शोभेल अशी एक शिवी त्याला दिली. त्यानंतर गाडी सुरळीत चालली. घामेजल्या हातांनी स्टिअरिंग धरून ती रस्त्याकडे आणि फक्त रस्त्याकडे बघत राहिली.

तेरुएलला पोचली तेव्हा गच्च्यांवर अजून ऊन होतं. एलाडियाने दार उघडलं, आवाजावरून ओळखलं आणि बराच वेळ तिला घट्ट धरून ठेवलं. विसी खिडकीशी तिच्या समोर बसली, तशी एलाडिया म्हणाली, "समोर नको. भोकात बसलीस तू." विसीने खुर्ची ओढून तिच्या बाजूला आणली.

तेवढ्यात मोबाइल वाजला. बासिलियो होता, आणि मागे चमच्यांचा आवाज येत होता. म्हणजे मंडळी अजून टेबलावरच होती.

"विसी, झोपलीस का? कॉफी संपलीय. आणि ऐक, ओब्दुलिया कोकरूच म्हणतेय, तूच काय ते सांग."

"मी तेरुएलला आहे."

पलीकडे चमचे थांबले. बासिलियोने विचारलं, "कुठल्या रस्त्याने गेलीस?"

"कान्येतेवरून."

"म्हणजे काहीच बघितलं नाहीस," तो खरोखर हळहळून म्हणाला.

विसीने फोन बंद केला. शेजारी एलाडिया मान तिरकी करून, डोळ्याच्या अगदी कोपऱ्यातून तिला शोधत होती. आधी बाही सापडली, मग खांदा, मग डोकं.

"केस कधी पांढरे झाले गं तुझे?"

"सहल ठरवता ठरवता."

एलाडिया हसली. मग तिने मान आणखी थोडी वळवली आणि उजेड होता तोवर तिच्याकडे बघत राहिली.