कॅमेऱ्यापुरतं गणित

फोटोग्राफरला व्यसन एकच होतं, दुसऱ्याला चुकीचं ठरवण्याचं. त्यासाठी पडतील तेवढे कष्ट घ्यायची त्याची तयारी असे. त्यामुळे कॅमेऱ्याच्या दुकानदाराने दोन नवी कोरी मेमरी कार्डं काउंटरवर ठेवून "ही घालून बघा साहेब, तुमचा कॅमेरा नुसता पळत सुटेल" असं म्हटल्याबरोबर गडी खूश झाला. आठ दिवस वापरा, नाही पटलं तर परत आणा, असंही दुकानदार म्हणाला. कार्डं कॉम्प्युटरला जोडायला एक नवा रीडरही त्याने सोबत दिला.

शाळांच्या खेळांचे फोटो काढणं हे फोटोग्राफरचं मुख्य काम. धावणारी, उड्या मारणारी मुलं टिपायची म्हणजे बटण दाबून धरावं लागतं. त्याचा कॅमेरा धडाधड वीसेक फोटो काढायचा आणि मग हटून बसायचा. काढलेले फोटो कार्डावर उतरेपर्यंत काही केल्या हलायचा नाही, आणि कोणाची तरी मुलगी नेमकी तेव्हाच पहिली यायची.

नव्या कार्डांनी हे थांबतं का, हे पाहायला त्याने स्वयंपाकघरातल्या घड्याळासमोर कॅमेऱ्याचं तिकाटणं उभं केलं. आधी जुनं कार्ड, मग नवं, मग पुन्हा जुनं. त्या घड्याळाचे एका दुपारी सव्वाचारशे फोटो निघाले. लग्नात बायकोचेही एवढे निघाले नव्हते. जुन्या कार्डावर कॅमेरा एकवीस फोटोंनंतर थांबला, नव्यावर बावीस. पुन्हा सावरायला आधी एकोणीस सेकंद लागत, आता सतरा. याचं कारणही त्याने शोधून काढलं. कॅमेराच दहा वर्षांचा होता. कार्ड कितीही चपळ असलं तरी कॅमेरा आपल्याच चालीने त्यावर लिहिणार. नळाची धारच बारीक असली की खाली तांब्या ठेवा नाहीतर हौद, पाणी तेवढंच पडतं.

"एका फोटोसाठी एवढी किंमत," तो बायकोला म्हणाला. "नाव मोठं, लक्षण खोटं. सोमवारी परत नेऊन त्याच्या तोंडावर आकडे ठेवतो."

बायको तेव्हा कॉम्प्युटरसमोर बसली होती. कार्डावरचे फोटो कॉम्प्युटरवर उतरवणं हे तिचं राज्य होतं. तीन वर्षांपूर्वी फोटोग्राफरने एक कार्ड उतरवून झालं असं समजून पुसून टाकलं होतं आणि एका शाळेचा अख्खा बक्षीस समारंभ त्यात गेला होता. मुख्याध्यापक बाईंसमोर हात जोडून उभं राहायला मात्र बायकोला जावं लागलं. घरी येऊन तिने कार्डं त्याच्या हातातून काढून घेतली ती कायमचीच. फोटो दोन ठिकाणी उतरवायचे, दोन्हीकडचे आकडे जुळवायचे आणि मगच खुर्चीवरून उठायचं, हा तिचा नियम. जुना रीडर मध्येच दगा द्यायचा, म्हणून उठून जायची सोय नव्हती. फोटो संध्याकाळच्या आत शाळेला धाडायचे असत आणि कार्डं सकाळी रिकामी लागत, त्यामुळे काम उद्यावर ढकलताही येत नसे. जुन्या दोन कार्डांना सगळं धरून दीड तास जायचा. नव्यांना वीस मिनिटं लागत होती.

"परत केलीच पाहिजेत का?" तिने विचारलं. "रीडर बरा आहे तसा."

"रीडरचं काय घेऊन बसलीस? प्रश्न कॅमेऱ्याचा आहे. हे बघ, आकडे."

तिने आकडे पाहिले आणि "बरं" म्हणाली. ताकाला जाऊन भांडं लपवायची तिची जुनी खोड होती. सरळ तोंड उघडून सांगितलं असतं तर नवरा काही राक्षस नव्हता. पण तिला वाटलं, घरात राहणाऱ्या माणसाला एवढं दिसायला हवं. आणि फोटोग्राफरला घड्याळाचा सेकंदकाटा दिसत होता, त्याच्यापलीकडचं नाही.

दिसायला हवं होतं ते असं. तिच्या वडिलांना अर्धांगाचा झटका येऊन सात आठवडे झाले होते. उजवा हात हळूहळू हलायला लागला होता, वाचा मात्र गेली ती गेलीच होती. आयुष्यभर तिकिटाच्या खिडकीमागे बसून येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा छाटलेला माणूस, आता नुसता बघत राहायचा. ते उपचार केंद्रातच दाखल होते. तिथे आठवड्यातून तीन दिवस, पाच ते पावणेसहा, थेरपिस्ट बाई त्यांच्याकडून बोलण्याचा सराव करून घेत. घरचं माणूस समोर असलं की शब्द लवकर सुटतो, असं त्या पुन्हा पुन्हा सांगत. केंद्र वीस मिनिटांच्या अंतरावर होतं. फोटोग्राफर चारच्या सुमाराला कार्डं आणून द्यायचा, म्हणजे बायको तिथे पोचेपर्यंत बाई सामान आवरत असायच्या. फक्त त्या आठ दिवसांत ती तिन्ही वेळा पाचच्या ठोक्याला बाबांसमोर होती. त्या आठवड्यात ती घरात गुणगुणत होती. फोटोग्राफरला वाटलं, हवा चांगली आहे म्हणून असेल.

सोमवारी त्याने कार्डं आणि रीडर परत केला. दुकानदाराने आकडे वाचून मान डोलावली आणि कॅमेरा बदलायचा सल्ला दिला. फोटोग्राफर विजयी मुद्रेने घरी आला.

मंगळवारी दोन्ही जुनी कार्डं काठोकाठ भरलेली होती. पहिलं अर्ध्यावर असताना रीडरने मान टाकली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. साडेचारला बायको मागे वळून म्हणाली, "अहो, आज तुम्ही जाता का बाबांकडे? बाईंनी सांगितलंय, कोणीतरी हवंच. मी हे संपलं की येते."

तो गेला. सासऱ्यांसमोरच्या खुर्चीवर अवघडून बसला. झटक्याआधी "या जावईबापू" म्हणून जागा करून देणारे सासरे त्याच्या खांद्यावरून मागे दाराकडे बघत होते. बाई त्यांना एकेक चित्र दाखवत होत्या. कप. पाणी. माणूस. त्यांचे ओठ जुळायचे आणि नुसता वारा बाहेर यायचा. चित्राकडे त्यांचं लक्षही नव्हतं. दार वाजलं की मान वळायची, आणि दुसरंच कोणी आत आलं की पुन्हा खाली जायची.

पाच वाजून दहा मिनिटांनी त्यांनी डाव्या हाताने चित्र बाजूला सारलं आणि जावयाकडे बघून म्हणाले, "बेबी."

बाईंचा हात जागच्या जागी थांबला. शेहेचाळीस वर्षांच्या बायकोला तिचे वडील बेबी म्हणतात, हे फोटोग्राफरला लग्नापासून माहीत होतं आणि त्यावरून त्याने तिची थट्टाही केली होती. खिशात फोन होता, तो काढून आवाज टिपून घ्यायचं त्याला सुचलं नाही.

"बेबी," सासरे पुन्हा म्हणाले आणि दाराकडे बोट केलं.

"विचारतायत तुम्हाला," बाई हळूच म्हणाल्या. "उत्तर द्या."

"ती... फोटो उतरवतेय," तो म्हणाला. "येईलच इतक्यात."

सासऱ्यांनी ते ऐकून घेतलं. उरलेला वेळ बाईंनी परोपरीने सांगूनही ते काही बोलले नाहीत. निघताना बाई म्हणाल्या, गेल्या आठवड्यात ताई तिन्ही दिवस पाचला इथे होत्या.

सव्वासहाला बायको धापा टाकत आली. बाई निघून गेल्या होत्या. बाबा पलंगावर थकून पडले होते. "बाबा, आले हं मी," ती म्हणाली. त्यांनी डोळे उघडले, तिच्या हातावर हात ठेवला, जरासे हसले. ओठ काही हलले नाहीत.

न सांगता दडपून टाकावं, असं एक क्षण फोटोग्राफरच्या मनात आलं. पण बाई पुढच्या वेळी सांगणारच होत्या. "आज बोलले," तो म्हणाला. "तुला हाक मारली. दोनदा."

तिने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"कार्डं परत करायला नको होती मी," तो म्हणाला. "चुकलं माझं. वीस मिनिटांत सुटत होतीस तू, आणि मी बावीस फोटो मोजत बसलो."

"गणित बरोबरच होतं तुमचं," ती म्हणाली. "कॅमेऱ्यापुरतं." आवाजात राग नव्हता, आणि ते त्याला जास्त लागलं. बाबांकडे बघत तिने विचारलं, "परत म्हणतील ना?"

"बाईंना विचारलं मी. म्हणाल्या, सांगता येत नाही. उद्याही म्हणतील, किंवा महिना जाईल."

तिने पदराने घाम पुसला. मग म्हणाली, "कसं म्हणाले? म्हणून दाखवा."

फोटोग्राफरने बाबांकडे पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेले होते. घसा खाकरून तो म्हणाला, "बेबी."

तिने ऐकलं आणि मान हलवली. "नाही, असं नाही म्हणत ते," ती म्हणाली, आणि खुर्ची पलंगाजवळ ओढून बाबांच्या तोंडाकडे बघत बसली.