काहीच न साठवणारा कानोसा

मी एक जुना कानोसा आहे. मित्रांनो, या नावाची वस्तू दुकानात मिळत नाही. बाळाच्या मामाने मला घरीच बनवलं. पाळण्याशी माइक, स्वयंपाकघरात स्पीकर आणि मध्ये त्याने लिहिलेलं सॉफ्टवेअर. बाळाचा आवाज आईपर्यंत नेणं, एवढंच माझं काम.

मला घडवताना मामाने बहिणीला विचारलं होतं, "ताई, आवाज साठवून, खरखर काढून पाठवू, की येईल तसा लगेच? साठवला तर बादली भरून नेण्यासारखं. उशीर होईल, पण शेवटचा तासभर आत राहील, बंद केलं तरी. लगेच हवा तर नळाला पाइप लावल्यासारखं. आलं की गेलं, मागे काही नाही."

"दोन्ही कर की."

"एवढ्याशा चिपमध्ये दोन्ही मावत नाही गं."

"मग लगेच. मला उशीर नको." बाळ गाढ झोपलं तरी श्वास चालतोय ना, म्हणून नाकापाशी बोट धरणारी आई ती. ती दुसरं काय म्हणणार?

एका दुपारी बाळाला दुधाचा ठसका लागला. आवाज जेमतेम झाला न झाला, मी तो तसाच पुढे दिला. आई पोळपाट टाकून धावली. बाळ वाचलं. त्या दिवशी माझं फार कौतुक झालं. मामा माझ्यावरून हात फिरवत म्हणाला, "बादली भरत बसलो असतो तर?"

संध्याकाळी बाबा लेकीला झोपवायचे. गाणं अगदी बेसूर.

"अरे, झोपवतोयस की उठवतोयस?" आई स्वयंपाकघरातून ओरडायची.

मग बाबा माझ्याजवळ वाकून लेकीला सांगायचे, "आईला म्हणावं, चहा टाक. कलाकार दमला." मी तेही लगेच पोहोचवायचो. आई हसत आधण ठेवायची.

अशाच एका संध्याकाळी लेकीला झोपवून बाबा रात्रपाळीला निघाले. रस्त्यात अपघात झाला. ते परत आले नाहीत.

अर्ध्या तासात निरोप आला, तेव्हा मला बंद केलं ते मग कितीतरी महिने कुणी सुरूच केलं नाही. पुढे एकदा आईने मला मामासमोर ठेवलं. फोनमध्ये बाबांचे फोटो होते, लग्नाचा व्हिडिओ होता, ते गाणं मात्र नव्हतं. घरातलं रोजचं गाणं कोण रेकॉर्ड करतं?

"बघ ना, आत थोडं तरी असेल."

मामाने मला उघडलं नाहीच. "ताई, आपण पाइप लावला होता."

आईने मला परत जवळ ओढलं. मग अंगणात खेळणाऱ्या लेकीकडे बघत म्हणाली, "हो. पुन्हा विचारलंस तरी तोच लाव म्हणेन."

मला कपाटात ठेवण्यापूर्वी तिने एकदा सुरू केलं. माझ्याजवळ वाकून ते गाणं म्हटलं, त्यांच्यासारखंच, सूर जिथे चुकायचा तिथे चुकवत. मी ते लगेच स्वयंपाकघरात पोहोचवलं. तिथे ऐकायला कुणी नव्हतं.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ नाही पुसली तरी चालेल. पण शेजारच्या खोलीत तुमचं माणूस बेसूर गात असेल, तर हातातलं काम बाजूला ठेवा आणि ऐका. मी फक्त पोहोचवू शकतो. जपायचं तुम्हालाच आहे.