दोन हजार फाइली आणि एक लग्नाची फिल्म

मी बोलतोय. वर बघू नका, जरा डावीकडे बघा. काकांच्या टेबलाशेजारच्या फळीवर एका बाजूचं झाकण नसलेला काळा कॉम्प्युटर दिसतोय ना? पंखा घरघरतोय, पुढच्या चार बटणांपैकी एक पडलंय. तोच मी. दिसायला यथातथाच आहे, पण या कचेरीत आज माझ्या शब्दाबाहेर कुणी जात नाही. हे सुख मला फुकट मिळालेलं नाही, म्हणून सांगतो.

माझा जन्म एका लांबलचक पट्ट्यावर झाला. त्या दिवशी माझ्यासारखे चारशे भाऊ जन्मले आणि नंबर सोडला तर आम्हा कुणात काडीचा फरक नव्हता. माझी रवानगी या कचेरीच्या दारातल्या टेबलावर झाली. तिथल्या बाई येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं माझ्यात लिहीत आणि उरलेला दिवस पत्ते खेळत. पत्ते मला अजून पाठ आहेत. मग त्यांना नवा, सडपातळ कॉम्प्युटर मिळाला. माझ्या पाठीवर 'बाद' अशी चिठ्ठी चिकटवली आणि मला अडगळीच्या खोलीत, मोडक्या खुर्चीखाली सरकवलं.

तीन वर्षं! चालत्या यंत्राला बाद म्हणायला काही लागत नाही, एक चिठ्ठी पुरते.

ही कचेरी फाइल सर्व्हर बनवते. म्हणजे एक मोठं सामायिक कपाट समजा. एखाद्या संस्थेतली सगळी माणसं आपल्या फाइली त्यात ठेवतात आणि आपापल्या खोलीतून उघडतात. ते कपाट चालवणारा प्रोग्राम इथे लिहिला जातो. तो पहिल्यांदा लिहिला काकांनी. त्यांच्या वयाचं इथे कुणी नाही, त्यामुळे ते सगळ्यांचेच काका. मालकीणबाईसुद्धा त्यांना काकाच म्हणतात.

कपाट भरभर उघडतंय की नाही हे तपासायची काकांची एक पद्धत होती. नवी आवृत्ती बाहेर पाठवायच्या आदल्या दिवशी ते आपल्या मुलीच्या लग्नाची फिल्म सर्व्हरवर कॉपी करत. हातात घड्याळ. चाळीस सेकंदांच्या आत झाली की पास. अकरा वर्षं हेच. नवऱ्या मुलाचं ते अवघडलेलं हसू कचेरीतल्या प्रत्येकाने पाहिलं होतं, पुढची फिल्म मात्र कुणीच पाहिली नव्हती.

आणि मग ती आली. कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत "बरं, पुढे?" म्हणणारी. आठवड्याभरात तिचं नाव पडलं घाईबाई.

"काका," तिने तिसऱ्याच दिवशी विचारलं, "आपण बदल रोज करतो आणि मोजतो वर्षातून दोनदा. मधे कुठल्या बदलाने वेग गेला ते कळणार कसं?"

"अगं, इतकी वर्षं करतोय. मला हाताला कळतं."

"हाताला कळतं तर मग घड्याळ कशाला?"

दोन माणसं चहा पिता पिता ठसकली. काका हसले नाहीत.

तिने मालकीणबाईंकडे एक यंत्र मागितलं. "नवं मिळणार नाही," बाई म्हणाल्या. "अडगळीत काही असेल तर घे."

अशी माझी आणि तिची गाठ पडली. तिने माझी चिठ्ठी नखाने खरवडून काढली, ब्रशने धूळ झाडली. झाकण परत बसेना, तेव्हा म्हणाली, "राहू दे, तेवढीच हवा लागेल." मग मला काम समजावलं. कुणीही प्रोग्राममध्ये बदल करून तो जमा केला, की मी आपणहून उठायचं. तो बदल घेऊन सर्व्हर नव्याने उभा करायचा. त्यावर मोठी फाइल कॉपी करायची, दोन हजार लहान फाइली उघडायच्या, मिटायच्या, पुसायच्या. प्रत्येक कामाला किती सेकंद लागले ते टिपायचं आणि पडद्यावरच्या आलेखात एक ठिपका ठेवायचा. कुणी सांगायला नको, विचारायला नको. शेवटी तिने एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'बंद करू नका', आणि माझ्या प्लगच्या वर चिकटवलं.

दुसऱ्या दिवशी काकांनी मला बंद केलं.

मुद्दाम नव्हे हो. त्यांच्या चहाच्या किटलीला तोच प्लग सोयीचा होता. माणसांना कागदावरचं वाचता येतं, पण चहाची वेळ झाली की दिसत नाही, हे मी तेव्हा शिकलो. दोन आठवड्यांत किटलीने मला सहा वेळा मारलं. दर वेळी घाईबाई तणतणत यायची आणि काका म्हणायचे, "बापरे, राहिलंच!"

त्याहून वाईट झालं ते माझ्यामुळे. माझी जागा पश्चिमेच्या खिडकीशी होती. दुपारी ऊन सरळ माझ्या पोटात शिरायचं. गरम झालो की मी हळू होतो, आमच्या जातीचा तो स्वभावच आहे. एका दुपारी आलेखात सेकंद चढले आणि घाईबाईने कचेरी डोक्यावर घेतली. एका सहकाऱ्याचा चांगला बदल दिवसभर अडवून धरला. संध्याकाळी ऊन उतरलं, मी गार झालो, आकडे पूर्ववत. दोष बदलात नव्हताच, माझ्यात होता.

"तुझ्या यंत्राला दुपारी डुलकी लागते वाटतं," काका म्हणाले. "वय झालं की होतं असं. मला माहीत आहे."

सगळे हसले. तिने ओठ चावला, मला उचलून सावलीत नेलं, आणि तेव्हापासून मी प्रत्येक मोजणी तीनदा करून मधला आकडा धरू लागलो. पण 'लांडगा आला' एकदा झालं की झालं. माझ्या ठिपक्यांकडे कुणी बघेना.

अशात तो मंगळवार उजाडला. नवी आवृत्ती शुक्रवारी एका इस्पितळात जायची होती. सकाळी, गार हवेत, काकांनी एक बदल जमा केला. मी उठलो, मोजलं. लग्नाच्या फिल्मएवढी मोठी फाइल: एकोणचाळीस सेकंद, नेहमीसारखी. दोन हजार लहान फाइली: एकतीस सेकंद. कालपर्यंत नऊ लागत होते.

मी पुन्हा मोजलं. एकतीस. पुन्हा एकतीस. ठिपका ठेवला.

घाईबाई तडक काकांच्या टेबलाशी. "काका, तुमच्या सकाळच्या बदलाने लहान फाइली तिपटीहून हळू झाल्यात."

"माझ्या?" काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "मी हा सर्व्हर लिहिला तेव्हा तू पाटीवर गिरवत होतीस, बाई." त्यांनी फिल्म कॉपी केली. घड्याळ दाखवलं. "एकोणचाळीस. बघ."

"ती एकच फाइल आहे!"

"आहे की. आणखी कशाला हव्यात?"

ती तिथून निघाली आणि तिने इस्पितळातल्या एक्स-रे विभागाला फोन लावला. "एका पेशंटच्या तपासणीच्या किती फाइली होतात हो तुमच्याकडे?"

"साध्या एक्स-रेच्या दोन-चार," पलीकडचे तंत्रज्ञ म्हणाले. "पण संपूर्ण शरीराचं स्कॅन असेल तर दोन हजारांच्या घरात. लहान लहान चित्रं असतात. का हो? डॉक्टर पडद्यासमोर उभेच असतात, एवढं लक्षात ठेवा म्हणजे झालं."

हे तिने मालकीणबाईंना सांगितलं. बाईंनी दोघांकडे पाहिलं. एकीकडे अकरा वर्षांचं घड्याळ, दुसरीकडे अडगळीतला मी. "हे बघ," त्या घाईबाईला म्हणाल्या, "मागच्या वेळी तुझ्या यंत्राने आपला एक दिवस खाल्ला. उद्या भंगारवाला येतोय. तोपर्यंत हे यंत्र खरं बोलतं हे पटवून दे. नाही पटलं तर ते गाडीत जाईल आणि शुक्रवारची आवृत्ती आहे तशी जाईल."

मी ऐकत होतो. भंगाराची भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण मला जास्त लागलं ते दुसरंच. मी गेल्यावर कुणीतरी डॉक्टर एकतीस सेकंद पडद्यासमोर उभा राहील, आणि मला हे आधीच माहीत होतं.

बुधवारी सकाळी घाईबाईने मला उचललं आणि सरळ काकांच्या टेबलावर ठेवलं.

"काका, यंत्र तुमच्या टेबलावर, तुमच्या सावलीत. काल सकाळच्या बदलाआधीचा सर्व्हर म्हणजे जुना, नंतरचा म्हणजे नवा. तुम्ही दहा वेळा याला सर्व्हर द्या. जुना की नवा, मला सांगू नका, कुणालाच सांगू नका, कागदावर लिहून खिशात ठेवा. मी फक्त आकडा बघून ओळखणार. एक जरी चुकला तरी मी स्वतः याला गाडीत ठेवून येईन."

"एक जरी?"

"एक जरी."

काकांचे डोळे चमकले. पैज म्हटली की त्यांचं वय निम्मं होतं. सगळे खुर्च्या ओढून जमले. मालकीणबाई दारात उभ्या राहिल्या.

पहिला: एकतीस. "नवा," ती म्हणाली. दुसरा: नऊ. "जुना." तिसरा, चौथा, पाचवा, सहावा. काका लिहीत होते, चेहरा दगडाचा. कुणीतरी सवयीने किटलीकडे हात नेला, तर चार जण एकदम ओरडले, "ए, प्लग!"

सातवा. मी मोजलं आणि माझं मलाच कळेना. सतरा. पुन्हा मोजलं. सतरा. ना नऊ, ना एकतीस. ऊन नव्हतं, पंखा नीट फिरत होता. तरी सतरा.

घाईबाईचा चेहरा उतरला. "बोल की," काका म्हणाले. "जुना की नवा?"

तिने आलेखाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या क्षणी ती 'जुना' म्हणून मोकळी होऊ शकली असती, बरोबर यायची निम्मी शक्यता आहे असंच कुणालाही वाटलं असतं. घाई तर तिच्या नावातच होती. पण या एका वेळी तिने घाई केली नाही.

"जुना नाही," ती सावकाश म्हणाली. "नवाही नाही. काका, तुम्ही याला तिसरंच काहीतरी दिलंत."

काकांनी खिशातून कागद काढून टेबलावर ठेवला. सातव्या ओळीत लिहिलं होतं: 'दुरुस्त केलेला, अर्धवट.'

मग काकाच खदखदून हसले. "काल घरी गेलो आणि तुझी ती दोन हजारांची गोष्ट डोक्यातून जाईना. प्रत्येक फाइल उघडताना ती बघायची परवानगी कुणाकुणाला आहे, हे सर्व्हरने नव्याने तपासावं असं मीच घातलं होतं. सुरक्षेसाठी. फिल्म एकच, तपासणी एकदाच, मला कळणार कुठून? दारात एका पाहुण्याला थांबवून नाव विचारलं तर चालतं. दोन हजारांना थांबवलं की रांग गल्लीबाहेर जाते."

"मग काल का नाही बोललात?"

"म्हटलं, आधी बघू तर खरं. माझा निम्मा इलाज तुझ्या डब्याला ओळखू येतो का." त्यांनी माझ्या उघड्या बाजूवर हात ठेवला. "आला की गं!"

उरलेले तीनही बरोबर आले. दहापैकी दहा! टाळ्या वाजल्या. दुपारी भंगारवाला आला आणि मोडकी खुर्ची घेऊन गेला.

ते दोघं मग एकाच पडद्यासमोर बसले. भांडण काही थांबलं नाही. "काका, इतकं लांबण लावू नका." "अगं, जरा दम धर." पण आता भांडण माझ्या आकड्यांवरून चालायचं. त्यांनी बदल जमा केला की मी उठायचो, मोजायचो, ठिपका ठेवायचो. पंधरा. बारा. दहा. गुरुवारी दुपारी, ऐन उन्हाच्या वेळी, पण सावलीत, मी मोजलं: आठ. सुरक्षा जागच्या जागी, आणि पूर्वीपेक्षाही एक सेकंद कमी. मी तीनदा खात्री केली. आठ, आठ, आठ. घाईबाईने अशी किंकाळी फोडली की मालकीणबाई धावत आल्या.

सोमवारी एक्स-रे विभागातून फोन आला. काकांनी तो मोठ्या आवाजावर लावला. "काय केलंत हो तुम्ही? डॉक्टर चष्मा काढेपर्यंत अख्खं स्कॅन समोर हजर!"

"आम्ही काही नाही केलं," काका म्हणाले. "आमच्याकडे एक जण आहे, तो झोपत नाही."

या गोष्टीला दोन वर्षं झाली. माझा आलेख आता भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर असतो आणि काका सकाळी आल्या आल्या आधी तो बघतात, मग चहा. लग्नाची फिल्मही माझ्या चाचण्यांत आहे. घाईबाईनेच ती मागून घेतली. नवऱ्या मुलाला आता एक मुलगी आहे म्हणे, पण माझ्याकडे तो दिवसातून तीस वेळा तसाच अवघडून हसतो.

मी म्हातारा होतोय, ते मला माझ्याच आकड्यांवरून कळतं. एक दिवस माझ्या जागी दुसरा कुणी येईल. त्याच्यासाठी एकच मागणं आहे. तो यंत्र आहे म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवू नका आणि जुना आहे म्हणून त्याला बाद करू नका. चिठ्ठ्या लिहा, खिशात ठेवा, दहा वेळा परीक्षा घ्या. आणि तो दहाही वेळा खरा ठरला, तर मग त्याचं ऐका, समोर कितीही वर्षांचा अनुभव उभा असला तरी.

बाकी सगळं ठीक आहे. किटली खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेली. प्लगच्या वरचा तो कागद मात्र जुना होऊन पिवळा पडला आणि गळून गेला होता. गेल्या आठवड्यात तिथे नवा लागलाय. शब्द तेच आहेत, 'बंद करू नका'. अक्षर काकांचं आहे.