लपवलेला महिना

ठमाबाईचं आणि माझं कधी पटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. पुढे मी काही झाकतेय असं वाटायला नको.

उमरठच्या वरच्या अंगाला आमची वाडी, वीस-बावीस घरांची. त्यातली निम्मी माणसं ठमाबाईच्या हातावर जन्मलेली. मीसुद्धा. बाहेर येता येताच तू मला लाथ मारलीस, असं ती चारचौघांत सांगायची. पुढे बाळंतपणं दवाखान्यातच करायची असं वरून ठरलं आणि ते घरोघरी पटवून द्यायला आशा सेविका म्हणून माझी नेमणूक झाली. म्हणजे तिचं काम माझ्यामुळेच बंद पडलं. तेव्हापासून ती मला 'आमची डाक्तरीणबाय' म्हणायला लागली. मीही काही कमी नव्हते. "काकी, आता तुमच्या हातांना पेन्शन," असं मी तिला एकदा भर विहिरीवर म्हटलं होतं. बायका हसल्या. ती हसली नाही.

सेजल तिची सून. माहेर कापड्याचं, बारावी शिकलेली, बोलायला चुणचुणीत. नवरा किशोर मुंबईला लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करतो. गणपती, भातकापणी आणि शिमगा, एवढ्या वेळा त्याला घर दिसतं. आमच्याकडे सगळ्यांचंच तसं आहे. नवरे सणाला येऊन जातात आणि दोन महिन्यांनी मी वही घेऊन फिरते, असं मी चेष्टेने म्हणायचे.

सेजलचं पहिलं पाचव्या महिन्यात गेलं होतं. तेव्हा तिने पाळी चुकल्याच्या चौथ्या दिवशी मला सांगितलं होतं आणि आठवड्याभरात वाडीला कळलं होतं. मी कोणाला बोलले नव्हते, पण माझी छत्री एखाद्या दारात दोनदा दिसली की लोक काय ते समजतात. ते मूल गेलं तेव्हा ठमाबाई म्हणाली, "दृष्ट लागली." मी म्हटलं, रक्त कमी होतं. ती म्हणाली, "तेच ते."

दुसऱ्या वेळी सेजल माझ्याकडे आली ती डिसेंबरात. शेवटच्या पाळीची तारीख विचारली तर सत्तावीस सप्टेंबर म्हणाली. म्हणजे दहा आठवडे. बाराच्या आत नोंदणी झाली की आमच्या तक्त्यात ती चांगली धरतात. त्या महिन्यात माझ्या दोन नोंदी आधीच उशिराच्या होत्या आणि सुपरवायझर मॅडमनी मला सगळ्यांसमोर उभं करून विचारलं होतं. मी आनंदाने तारीख लिहिली आणि कार्ड सेजलच्या हातात दिलं. किशोर कापणीला येऊन गेला होताच. शंका घ्यायचं काही कारण नव्हतं.

पुढे कारणं मिळत गेली. फेब्रुवारीत मी तिला सोनोग्राफीला महाडला पाठवलं, बरोबर ठमाबाई. परत आल्यावर ठमाबाई म्हणाली, "मशीन बंद होता." मशीन बंद असणं ही आमच्याकडे काही बातमी नाही, त्यामुळे मी पुन्हा जायची तारीख दिली आणि तीही टळली. नर्सबाईंनी पोट मोजलं तेव्हा त्या म्हणाल्या, दिवसांच्या मानाने मोठं वाटतंय, पाणी जास्त असेल. मग शिमग्याला किशोर आला आणि ठमाबाईने सुनेची ओटभरणी उरकून घेतली. ओटी भरतात सातव्यात. कार्डाप्रमाणे सहावा चालू होता. मी हिरव्या साडीतल्या सेजलला ओवाळलं, पानावर बसले, दोन पुरणपोळ्या खाल्ल्या आणि घरी येताना बोटांवर महिने मोजले. गणपतीपासून धरलं तर बरोबर सात भरत होते.

मला तेव्हाच कळलं होतं. विचारायला जाणार होते. पण विचारलं असतं तर तारीख बदलावी लागली असती, नोंदणी उशिराची झाली असती, मॅडमना उत्तर द्यावं लागलं असतं. शिवाय ठमाबाईने मला बनवलं हे मला माझ्या तोंडाने कबूल करावं लागलं असतं. मी नाही गेले. जूनच्या वीस तारखेला सेजलला पोलादपुरात तिच्या मामांच्या खोलीवर नेऊन ठेवायचं ठरलं होतं, तारखेच्या पंधरा दिवस आधी. तोवर बघू, म्हटलं.

दोन जूनला सकाळी सेजलच्या पोटात कळा सुरू झाल्या.

वाडीतल्या रामजीची जीप होती, म्हणून खाली लवकर पोचलो. दवाखान्याचं नाव घेत नाही, घेऊन काय होणार आहे. डॉक्टर तरुण होते, एकटेच होते, आणि बाहेर तापाच्या पेशंटची रांग होती. तरी त्यांनी सेजलला नीट तपासलं. मग कार्ड बघितलं, सोनोग्राफीचा कागद मागितला. मी म्हटलं, झालीच नाही.

"पस्तीस आठवडे," ते म्हणाले. "कमी दिवसांचं बाळ आहे. श्वासाला त्रास झाला तर माझ्याकडे इथे काही सोय नाही. महाडच्या पुढे मोठ्या दवाखान्यात न्या. पहिलटकरीण आहे, अजून वेळ आहे, पोचाल."

ठमाबाई दारात उभी होती. पदराचं टोक हातात घट्ट धरलेलं. ती पुढे आली आणि म्हणाली, "डाक्तर, दिस भरलेत तिचे. पोर खाली उतरलंय. मी हात लावून बघितलंय. हितंच होऊ द्या."

टेबलावरून सेजल ओरडली, "आई, नाय. नाय सांगायचं."

मला ते तेव्हा समजलं नाही. कळ आली म्हणून बरळते असं वाटलं. डॉक्टर ठमाबाईकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, खरंच सांगते. ते माझ्याकडे वळले. "ताई, कार्डावरची तारीख तुम्ही लिहिलीय ना? बरोबर आहे?"

एका वाक्याचं काम होतं. त्या क्षणी मला ओटभरणी आठवली, बोटांवर मोजलेले सात महिने आठवले. आणि हेही आठवलं की विहिरीवर मी जिला पेन्शनीत काढलं, ती आज डॉक्टरांसमोर खरी ठरणार. माझ्या हातची नोंद खोटी आणि तिचा हात खरा.

"बरोबर आहे," मी म्हटलं.

ॲम्ब्युलन्स आली, पण तिच्यात डॉक्टर नव्हता, नुसता ड्रायव्हर. सहदेव म्हणून. तो म्हणाला, पेशंटबरोबर एकच बाई. ठमाबाईने पायरीवर पाय ठेवला होता. मी म्हटलं, "काकी, मी जाते. कागद माझ्याकडे हायेत." तिने पाय काढून घेतला. गाडी फाटकातून बाहेर पडली तेव्हा ती तिथेच उभी होती, दोन्ही हात रिकामे.

महाड मागे पडेपर्यंत सेजल धीराने होती. माझा दंड धरून होती, तिथे पुढे चार दिवस निळं राहिलं. वीर स्टेशनचा फाटा गेला आणि तिने मला सांगितलं की आता थांबत नाही. पुढे रस्त्याचं काम चालू होतं, ट्रकांची ओळ लागलेली. सहदेवने हॉर्न वाजवला, खाली उतरून लोकांना ओरडला, एक-दोन ट्रक बाजूलाही झाले. तोवर डोकं दिसायला लागलं होतं.

मी अकरा वर्षं आशा आहे. शंभराच्या वर बायकांना मी दवाखान्यात पोचवलंय, पण एकाही मुलाला जन्मताना हात लावलेला नाही. ते आमचं कामच नाही. नाळ मानेभोवती होती, दोन वेढे. ती सैल करून डोक्यावरून काढायची असते, हे मला नंतर एका नर्सने सांगितलं, आमचं रोजचंच आहे म्हणाली. मला ते माहीत नव्हतं. मी ओढायला घाबरले. सेजलला "जोर कर" म्हणत राहिले. मुलगा झाला तेव्हा तो जांभळा होता. शिकवलं होतं तसं तोंड पुसलं, पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या. तो रडला नाही. चोळत राहिले. सेजल विचारत होती, "का रडत नाय गो? ताई, का रडत नाय?"

मग मी काय केलं ते सांगायची मला लाज वाटते. माझ्या पिशवीत बाळ तोलायचा झोळीचा काटा असतो. मी त्याला झोळीत ठेवलं आणि वजन केलं. मला जे येत होतं ते मी केलं. काटा तीन किलो शंभरवर थांबला. आठव्या महिन्याचं मूल एवढं भरत नाही.

ठमाबाईला मी वाडीत परत भेटले ते तिसऱ्या दिवशी, सेजलला घेऊन आलो तेव्हा. तिने पत्र्याची पेटी उघडली, साड्यांच्या खालून सोनोग्राफीचा कागद काढला आणि माझ्या हातात दिला. मशीन बंद नव्हतं. कागदावर खरे आठवडे होते, बाळंतपणाची तारीख होती: तीन जून.

"देवीम्होरं दोघींनी शपथ घेतली होती," ती म्हणाली. "पोर पदरात पडेपत्तुर खरा महिना कोनाला सांगायचा नाय. एक महिना मागं लपवायचा, म्हंजी ज्याची नजर लागल ती चुकीच्या दिवसाला लागल." तिने पेटीचं झाकण लावलं. "पर तिथं मी सांगितलं गो, ललिता. शपथ मोडून सांगितलं. कोनी ऐकलं नाय."

मी कागद घडी करून पिशवीत ठेवला. मला बोलायचं होतं. तिचे पाय धरावेसे वाटले. पण मी सेजलला दूध आलं तर काय करायचं ते सांगून निघाले. दूध आलं. चार दिवस ती कापडाने छाती करकचून बांधून भिंतीकडे तोंड करून पडली होती, कोणाशी एक शब्द बोलत नव्हती. फॉर्ममध्ये मृत्यूचं कारण होतं: कमी दिवसांचं बाळ. कार्डाशी ते जुळत होतं. मी सही केली.

या गोष्टीला अकरा महिने होतील. गेल्या आठवड्यात सेजलने मला स्वतःहून बोलावून घेतलं. ओटीवर बसली होती, पदर पुढे ओढलेला. ठमाबाई आत चुलीपाशी होती. आता त्या दोघी एका घरात राहतात, पण बोलत नाहीत. सेजल तिला अंगाला हात लावू देत नाही.

"पाळी कधीची?" मी विचारलं.

"आठ मार्च," ती म्हणाली. "शिमग्यातली."

म्हणजे दीड महिना. पदर ओढला तरी दिसायचं ते दिसत होतं. किशोर जानेवारीत चुलत बहिणीच्या हळदीला येऊन गेला होता, आम्ही सगळे त्याच मांडवात जेवलो होतो. हे मी तिला सांगितलं. "सेजल, जानेवारी आहे. तू दोन महिने लपवतेयस."

ती रागावली नाही. शांतपणे म्हणाली, "मागल्या टायमाला एकच लपवलेला. आणि तोपण आईंनी डाक्तरासमोर बोलून टाकला. त्यांनी तोंड उघडलं आणि दोन तासांत माझं पोर गेलं."

"तसं नाही," मी म्हटलं. अकरा महिने जे बोलले नव्हते ते सगळं तिला सांगितलं. मला माहीत होतं. ओटभरणीपासून माहीत होतं. डॉक्टरांनी मला विचारलं आणि मी खोटं बोलले. काकींचं ऐकलं असतं तर तू तिथेच बाळंत झाली असतीस. सांगताना मला रडू आलं.

सेजलने माझा हात धरला, गाडीत धरला होता तिथेच. "मला ठाऊक हाय," ती म्हणाली. "तुला ठाऊक होतं तरी तू नाय सांगितलंस. तू एकटीनं राखलंस, ताई. म्हणून तर तुला बोलावलं."

मी पिशवीतून कोरं कार्ड काढलं.

"तू जानेवारी लिवलंस तर मी मुंबईला जाईन. तिथं कोण मला वळखत नाय, दवाखान्याचं तोंडपण बघायची नाय," ती म्हणाली. किशोरची खोली मला माहीत आहे. आठ माणसं राहतात. ती गेली तर तिचं रक्त कोणी तपासणार नाही, गोळ्या देणार नाही, काहीच होणार नाही.

ठमाबाई उंबऱ्यापर्यंत आली होती. तिने सगळं ऐकलं असावं. तिचे हात पिठाने भरलेले होते. ती सेजलच्या पोटाकडे बघत होती, आणि मग तिने माझ्याकडे बघून फक्त मान हलवली: खोटं नको.

मी पेन काढलं आणि कार्डावर आठ मार्च लिहिलं.